टीममध्ये डोमेन-ड्रिव्हन डिझाइन रुजवताना: सात वर्षे जुन्या प्रणालीविषयीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकरा जणांची टीम आहे, सात वर्षांपासून चालू असलेली एकसंध प्रणाली आहे, आणि गेले सहा महिने डोमेन-ड्रिव्हन डिझाइन (व्यवसायातले शब्द आणि नियम कोडच्या केंद्रस्थानी ठेवण्याची पद्धत), म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातले डीडीडी, स्वीकारण्याचा प्रयत्न सुरू आहे. सर्वांचे प्रशिक्षण झाले, कोडची फेररचना होऊन एन्टिटी (स्वतःची ओळख असलेल्या वस्तू), रिपॉझिटरी (त्या साठवण्या-शोधण्याचा भाग), सर्व्हिस (कामे पार पाडणारा भाग) असे थर आले, तरीही लहानशा बदलाला पूर्वीइतकाच, कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो. यात काय राहून गेले, आता सुरुवात कुठून करावी, आणि झालेले काम मागे घ्यावे का, असे तीन उपप्रश्न विचारले आहेत.

तुमचे वर्णन मी दोनदा वाचले. त्यात फोल्डर आहेत, थर आहेत, डिपेन्डन्सीची, म्हणजे कोणता भाग कोणावर अवलंबून आहे याची, दिशा आहे. पण या सहा महिन्यांत ही प्रणाली वापरून प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोणाशी टीममधले कोणी तासभर बोलल्याचा उल्लेख नाही. माझ्या मते राहून गेलेली गोष्ट तीच आहे, आणि बाकीच्या अडचणी बहुतांशी तिच्यातूनच आलेल्या आहेत.

हे फक्त तुमच्याच टीमच्या बाबतीत घडते असे नाही. डीडीडी हे नाव २००३ साली एरिक इव्हान्स यांच्या पुस्तकामुळे रूढ झाले. त्या पुस्तकात व्यवसायाच्या आणि कोडच्या समान भाषेचा विषय पहिल्याच भागात येतो, एन्टिटी, व्हॅल्यू ऑब्जेक्ट (फक्त मूल्यावरून ओळखली जाणारी वस्तू), ॲग्रिगेट (एकत्रच बदलणाऱ्या वस्तूंचा गट), रिपॉझिटरी हे बांधणीचे घटक दुसऱ्या भागात येतात, आणि बाउंडेड कॉन्टेक्स्ट (ज्या सीमेच्या आत एका शब्दाचा एकच अर्थ चालतो तो भाग) व कॉन्टेक्स्ट मॅप (अशा भागांमधल्या संबंधांचा नकाशा) यांची चर्चा थेट चौथ्या भागात आहे. प्रोग्रॅमरला पहिला भाग प्रस्तावनेसारखा वाटतो, दुसऱ्या भागात ओळखीचे काही सापडते आणि तिथेच तो कोड लिहायला बसतो. त्यातून जे तयार होते त्याला सॉफ्टवेअरविषयक लेखक मार्टिन फाउलर यांनी त्याच वर्षी ‘अनेमिक’, म्हणजे रक्तक्षय झालेले डोमेन मॉडेल (व्यवसायाची कोडमधली मांडणी) असे नाव दिले. वर्गांना, म्हणजे कोडमधल्या क्लासना, व्यवसायातली नावे असतात, पण त्यांच्या आत फक्त माहिती भरण्याच्या आणि वाचण्याच्या मेथड असतात आणि सगळे नियम बाहेर सर्व्हिसमध्ये विखुरलेले राहतात. तुमच्या प्रणालीतला सर्वांत महत्त्वाचा वर्ग उघडून पाहा. त्यातली एकही मेथड तुमच्या वापरकर्त्याच्या तोंडी असलेल्या क्रियापदाच्या नावाची नसेल, तर सहा महिन्यांत झाली ती सामानाची हलवाहलव आहे, मॉडेलिंग अजून सुरू व्हायचे आहे.

मी ज्या कामातून हे शिकलो ते इथे थोडे विस्ताराने सांगतो. ती एका वैद्यकीय तपासणी प्रयोगशाळेची प्रणाली होती. नोंदणी, ट्यूबवरचे बारकोड, विश्लेषण करणाऱ्या मशीनकडून येणारे निकाल, डॉक्टरांची मान्यता आणि छापील रिपोर्ट हे सगळे एकाच डेटाबेसवर चालत होते. ‘ऑर्डर’ नावाच्या टेबलात ‘स्टेटस’ हा कॉलम होता आणि त्याच्या सतरा निरनिराळ्या किमती, म्हणजे ऑर्डरची अवस्था सांगणारी मूल्ये, होत्या. प्रत्येक नवीन मागणीबरोबर अठरावी किंमत जोडायची की आहे त्या एखादीचा अर्थ वाढवायचा यावर आमच्या बैठका चालत. आम्हीही आधी तुमच्यासारखीच थरांची रचना करून पाहिली होती. त्या सतरा किमती एका टेबलातून उचलून कोडमधल्या ठरावीक पर्यायांच्या यादीत, म्हणजे एका एनममध्ये, गेल्या, इतकाच फरक पडला.

मग मी दोन दिवस सॅम्पल स्वीकारण्याच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलो. दुसऱ्या दिवशी तिथल्या वरिष्ठ तंत्रज्ञ बाईंनी सेंट्रिफ्यूजमधून (रक्त वेगाने फिरवून थर वेगळे करणाऱ्या यंत्रातून) बाहेर काढलेली एक ट्यूब उजेडासमोर धरली. वरचा सीरमचा थर पिवळसर असायला हवा, तो गुलाबी दिसत होता. त्या म्हणाल्या, “हे हिमोलाइज झालंय. पोटॅशियम मी सोडणार नाही, क्रिएटिनीन जाऊ दे.” लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातले पोटॅशियम सीरममध्ये उतरते आणि निकाल खोटा वाढलेला दिसतो, त्याच ट्यूबवरच्या इतर काही टेस्टना मात्र तितका धक्का लागत नाही. आमच्या प्रणालीत फक्त पूर्ण सॅम्पल रिजेक्ट करण्याचे बटण होते. त्यामुळे बाई सॅम्पल स्वीकारून टाकत, पोटॅशियमच्या रकान्यात काहीच भरत नसत, शेऱ्याच्या जागी दोन अक्षरी खूण लिहीत आणि नोंदणी टेबलाला फोन करून रुग्णाला पुन्हा बोलवायला सांगत. आमच्याकडे महिनोन्‌महिने ‘रिपोर्ट अडकला’ अशी टिकेटे, म्हणजे तक्रारीच्या नोंदी, येत होती, आणि प्रत्येक वेळी आम्ही डेटाबेसमध्ये हाताने स्टेटस बदलून ती बंद करत होतो. त्यामागचे कारण त्या एका वाक्यात होते. रिजेक्ट होते ती टेस्ट, आणि आमचे मॉडेल म्हणत होते की रिजेक्ट होते ते सॅम्पल.

डीडीडीमध्ये ज्याला युबिक्विटस लँग्वेज, सर्वत्र वापरली जाणारी एकच भाषा, म्हणतात ती अशी हाती लागते. ती शब्दार्थांची यादी करून मिळत नाही, कोण कशाला काय म्हणतो आणि त्या म्हणण्यावर कोणता निर्णय घेतो हे पाहूनच मिळते. मराठीत बोलणाऱ्या आणि इंग्रजीत कोड लिहिणाऱ्या टीमला यात एक जास्तीची अडचण असते, कारण बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांच्यामध्ये प्रत्येक वेळी एक भाषांतर होते आणि ते प्रत्येक प्रोग्रॅमर आपापल्या मनाने करतो. ‘रिपीट लावणे’ या बाईंच्या रोजच्या शब्दप्रयोगाचे आमच्या कोडमध्ये तीन वेगवेगळे इंग्रजी अवतार होते. त्यांतला एक तीच ट्यूब पुन्हा मशीनवर चढवण्यासाठी होता, दुसरा रुग्णाचे नवे रक्त घेण्यासाठी, आणि तिसरा कुठे वापरला जातो हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. आम्ही उपाय साधाच केला. प्रत्येक कॉन्टेक्स्टच्या कोडशेजारी एक छोटी फाइल ठेवली. तिच्यात बोलण्यातला शब्द, कोडमधले नाव आणि एका वाक्यात अर्थ एवढेच होते. फाइल न बदलता नवे नाव आले तर कोडचा रिव्ह्यू पुढे जाणार नाही, असा नियम केला. इंग्रजी नाव शोभिवंत आहे का हा प्रश्न आम्ही सोडून दिला. ते नाव ऐकून बाईंना आपला शब्द ओळखता येतो का, एवढेच पाहिले.

आता बाउंडेड कॉन्टेक्स्टविषयी. ‘टेस्ट’ हा शब्द घ्या. नोंदणी टेबलावर टेस्ट म्हणजे बिलातली एक ओळ, जिला किंमत असते आणि सवलत लागू होते. मशीनजवळ टेस्ट म्हणजे एका ट्यूबवर चालवायचे एक काम, ज्याला कोणती ट्यूब, किती सीरम आणि कोणते मशीन एवढेच माहीत असावे लागते. मान्यता देणाऱ्या डॉक्टरांसाठी टेस्ट म्हणजे एक मोजमाप, ज्याला एकक असते, वय आणि लिंगानुसार बदलणारी संदर्भ मर्यादा असते आणि त्याच रुग्णाचा मागचा निकाल असतो. बिलावर सीबीसी ही एकच ओळ असते, डॉक्टरांसमोर तीच हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट अशी अनेक मोजमापे होऊन येते. या तिन्ही अर्थांना पुरेल असा एकच ‘टेस्ट’ वर्ग करण्याचा आमचा हट्ट होता. त्यात साठ-पासष्ट फील्ड झाली होती आणि कोणत्याही एका ठिकाणी त्यांतली निम्मीसुद्धा लागत नव्हती. हे तीन अर्थ तीन कॉन्टेक्स्टमध्ये वेगळे राहू देणे आणि त्यांच्यामध्ये फक्त ओळख क्रमांकाची देवाणघेवाण करणे, हा आमच्या सगळ्या प्रवासातला सर्वांत लाभदायक निर्णय ठरला. माहितीची थोडी पुनरावृत्ती झाली, पण तिची चिंता करू नये, कारण दोन ठिकाणी सारखे दिसणारे फील्ड पुष्कळदा दोन वेगळ्या कारणांनी बदलत असते. सीमा शोधण्यासाठी मी हीच एक कसोटी सुचवेन: एकाच शब्दावरून दोन जाणकार वाद घालू लागले आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असले, तर तिथून सीमा जाते.

सुरुवात कुठून करावी याचे उत्तर यातून बरेचसे आले आहे. सगळी प्रणाली घेऊ नका. तुमच्या व्यवसायाचे वेगळेपण जिथे आहे आणि टिकेटेही वारंवार जिथे येतात असा एकच भाग निवडा. लॉगिन, बिलाची छपाई, सूचना पाठवणे अशा भागांत डीडीडी आणण्यात काही अर्थ नाही. तिथे साधे टेबल आणि साधा फॉर्म पुरतो किंवा तयार उत्पादन विकत घेता येते, आणि ज्याच्यात नियमच नाहीत त्याच्यावर ॲग्रिगेट चढवले तर वाचणाऱ्याचा वेळ तेवढा जातो. आम्ही ‘मान्यता’ हा एकच कॉन्टेक्स्ट निवडला, म्हणजे निकाल मशीनवरून आल्यापासून रिपोर्टवर सही होईपर्यंतचा टप्पा. त्याला पाच महिने लागले. त्या काळात बाकीच्या प्रणालीला आम्ही हात लावला नाही आणि लावला नाही याचे मला आजही समाधान आहे.

भाग ठरल्यावर आधी दोन-तीन दिवस शेजारी बसून पाहणे, आणि मगच सगळ्यांना एका भिंतीपाशी बोलावणे, हा क्रम मी पाळतो. भिंतीवर कागदाच्या चिठ्ठ्या लावून घटना मांडण्याची इव्हेंट स्टॉर्मिंग ही पद्धत सॉफ्टवेअर सल्लागार अल्बर्तो ब्रांदोलिनी यांनी २०१३ मध्ये मांडली आणि ती फार उपयोगी आहे. ‘सॅम्पल मिळाले’, ‘निकाल आला’, ‘रिपोर्टवर सही झाली’ अशा भूतकाळी वाक्यांत घटना लिहायच्या, काळाच्या क्रमाने लावायच्या आणि जिथे मतभेद होईल तिथे वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावून पुढे जायचे. पण आधी न पाहता थेट भिंतीपाशी गेलात तर लोक कागदोपत्री असलेली प्रक्रिया सांगतात. शेऱ्याच्या जागी लिहिलेली दोन अक्षरी खूण भिंतीवर आपणहून कोणी लावत नाही, कारण ती लिहिणाऱ्याला तो स्वतःचा जुगाड वाटतो. तुम्ही ती आधी पाहिलेली असेल, तर त्या दिवशी तुम्हीच विचारू शकता.

बांधणीच्या घटकांची पाळी यानंतर येते आणि त्यांत सर्वाधिक चुका ॲग्रिगेटच्या आकारात होतात. आमचा पहिला ॲग्रिगेट ‘ऑर्डर’ होता आणि त्याच्या पोटात सॅम्पल, टेस्ट, निकाल, बिल असे सगळे होते, कारण हे सगळे ‘ऑर्डरचेच’ आहे असे आम्हांला वाटत होते. परिणाम असा झाला की नोंदणी टेबलावर कोणी एखादी जास्तीची टेस्ट जोडत असताना मशीनकडून निकाल आला, तर दोन्हींपैकी एक व्यवहार (डेटाबेसचे ट्रॅन्झॅक्शन), मधल्या काळात नोंद बदलल्याने आवृत्ती जुळत नाही म्हणून, परत फिरत असे. ॲग्रिगेटची सीमा ‘कोणाचे काय आहे’ यावरून ठरत नाही. कोणता नियम त्याच क्षणी, एकाच व्यवहारात, अभंग राहिला पाहिजे यावरून ती ठरते. मान्य झालेल्या निकालाचा आकडा बदलता येणार नाही, हा एका निकालापुरता नियम आहे, म्हणून निकाल हा स्वतंत्र ॲग्रिगेट. सही झालेला रिपोर्ट बदलायचा असेल तर मूळ प्रत तशीच राहून दुरुस्त प्रत वेगळी निघाली पाहिजे, हा रिपोर्टचा नियम, म्हणून तोही स्वतंत्र. निकाल मान्य झाला की रिपोर्टला ते कळले पाहिजे, पण त्याच मिलिसेकंदाला कळायची गरज नसते. ‘निकाल मान्य झाला’ ही डोमेन इव्हेंट, म्हणजे व्यवसायात घडलेल्या गोष्टीची सूचना, थोड्या वेळाने पोचली तरी काम अडत नाही. किती वेळ चालेल हे प्रोग्रॅमरने ठरवू नये. आम्ही डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की एक मिनिट उशीर झालेला मला कळणारही नाही. एवढ्या एका उत्तराने आमचे दोन आठवड्यांचे काम वाचले.

व्हॅल्यू ऑब्जेक्टकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि मला तर जुन्या प्रणालीत शिरण्याची तीच सर्वांत सोपी वाट वाटते. आमच्याकडे निकालाचे मूल्य दशांश संख्येच्या कॉलमात होते. पण मशीन कधी कधी ‘०.०१ पेक्षा कमी’ असे उत्तर देते, कारण त्याखाली त्याला मोजता येत नाही. कोणीतरी त्याचे शून्य करून टाकले होते आणि कोणी ऋण एक. शिवाय ग्लुकोज मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये लिहिले तर येणारा आकडा मिलिमोल प्रति लिटरमधल्या आकड्याच्या सुमारे १८ पट असतो, म्हणजे एककाशिवाय नुसता आकडा साठवणे धोक्याचेच आहे. आम्ही आकडा, तुलनेचे चिन्ह आणि एकक मिळून ‘मोजलेले मूल्य’ असा एक लहान, न बदलणारा प्रकार केला. दोन वेगळ्या एककांची तुलना करायला गेलात तर तो सरळ नकार देतो. डेटाबेसचे टेबल एकदम न बदलता असे प्रकार एकेका ठिकाणी घालता येतात, आणि त्यांच्या चाचण्या लिहायलाही अर्धा दिवस पुरतो.

नव्या कॉन्टेक्स्टच्या कडेला जुन्या प्रणालीशी बोलणारा एक अनुवादक थर, म्हणजे अँटी-करप्शन लेअर, नक्की ठेवा. तो नसेल तर जुने शब्द महिन्याभरात आत झिरपतात. आमच्या सतरा स्टेटसचे अर्थ लावण्याचे काम फक्त त्या थरात होते आणि आतल्या मॉडेलला त्यांची गंधवार्ता नव्हती. मशीनच्या बाजूलाही तसाच थर होता. तिथे एक तयार भाषा मदतीला आली, ती म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्या एचएल-७ या संदेश-मानकाची. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत निकालाची अवस्था प्राथमिक, अंतिम, दुरुस्त अशा संकेतांनी सांगायची सोय आहे, आणि ‘दुरुस्त’ हा ‘अंतिम’हून वेगळा संकेत आहे हे पाहिल्यावर आमच्या रिपोर्टच्या नियमावरचा वाद मिटला. तुमच्या क्षेत्रातही असे मानक असेल तर मॉडेलिंगच्या आधी ते वाचा. पण त्याची रचना जशीच्या तशी आपल्या आतल्या मॉडेलमध्ये उतरवू नका, कारण ती देवाणघेवाणीसाठी केलेली असते, निर्णय घेण्यासाठी नव्हे.

तुम्ही विचारले नाही, पण व्यवस्थापनाकडून लवकरच विचारणा होईल, म्हणून मायक्रोसर्व्हिसबद्दलही, म्हणजे प्रणालीचे नेटवर्कवरून बोलणारे स्वतंत्र छोटे भाग करण्याबद्दलही, लिहितो. सीमा अजून हाताला लागलेल्या नसताना नेटवर्कने वेगळे केलेले भाग पुन्हा जोडणे फार महाग पडते. आधी एकाच डिप्लॉयमेंटमध्ये, म्हणजे एकत्रच चालवल्या जाणाऱ्या प्रणालीत, मॉड्यूल वेगळे करा, एकमेकांच्या टेबलांना हात लावणे बंद करा आणि किमान दोन-तीन मोठे बदल त्या सीमेतून पार पडू द्या. तोवर सर्व्हिस वेगळी करण्याची घाई करू नये. सीमांपेक्षाही अवघड प्रश्न टीमच्या रचनेचा आहे. संस्थेतल्या संवादाची रचना तिच्या प्रणालीच्या रचनेत उतरते, हे संगणकतज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली लिहिले आणि ते मला प्रत्येक प्रकल्पात खरे ठरलेले दिसले आहे. तुमच्या अकरा जणांत स्क्रीन करणारे चार, एपीआय (स्क्रीन आणि डेटाबेस यांना जोडणारा कोड) करणारे चार आणि डेटाबेसचे तीन अशी वाटणी असेल, तर कोणताही कॉन्टेक्स्ट कोणाचाच राहणार नाही आणि प्रत्येक बदल तिघांच्या रांगेत उभा राहील. निवडलेल्या एका कॉन्टेक्स्टसाठी तीन-चार जणांचा असा गट करा की जो स्क्रीनपासून टेबलापर्यंत सगळे स्वतः बदलू शकेल. व्यवस्थापनाकडे मागायचेच असेल तर हे मागा, आणि त्याबरोबर एका जाणकाराचे आठवड्यातले दोन ठरलेले तास मागा. प्रशिक्षणाचा आणखी एक दिवस मिळण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

प्रगती होते आहे का, हे तपासायला मी तीन गोष्टी पाहतो. टिकेटमधला शब्द आणि त्या टिकेटसाठी बदललेल्या वर्गाचे नाव सारखे आहे का? एक बदल किती कॉन्टेक्स्टना स्पर्श करतो? आणि चाचण्यांची नावे मोठ्याने वाचून दाखवली तर जाणकार मध्येच थांबवून चूक काढतो का? शेवटची गोष्ट घडू लागली की मला खरा आनंद होतो. आमच्या बाईंनी एकदा ‘हिमोलाइज झालेल्या सॅम्पलवरची टेस्ट आपोआप रिजेक्ट होते’ हे चाचणीचे नाव ऐकून म्हटले, “आपोआप नाही, मी ठरवते. मशीन फक्त किती ते सांगतं.” मशीनने दिलेला हिमोलिसिसचा निर्देशांक आणि माणसाने घेतलेला निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तोवर आमच्या मॉडेलमध्ये नव्हते. तो दोष प्रत्यक्ष वापरात जाण्यापूर्वी, एका वाक्यात सापडला.

राहिला तिसरा उपप्रश्न, झालेले काम मागे घेण्याचा. मागे घेऊ नका. नवे थर रिकामे असले तरी त्रासदायक नाहीत, आणि ते काढण्यात आणखी दोन महिने गेले तर व्यवस्थापनाचा आणि टीमचाही या दिशेवरचा विश्वास उडेल. निवडलेल्या कॉन्टेक्स्टमध्ये काम करताना सर्व्हिसमधला एकेक नियम उचलून तो ज्या वस्तूचा आहे तिच्यात ठेवा, मेथडला बोलण्यातले नाव द्या आणि रिकामी झालेली सर्व्हिस त्या दिवशीच काढून टाका. ज्या भागांना तुम्ही पुढचे वर्षभर हात लावणार नाही ते आहेत तसे राहू देत. पहिली पायरी म्हणून या आठवड्यात मागच्या तीन महिन्यांची बंद झालेली टिकेटे काढा, त्यांतली डेटाबेसमध्ये हाताने बदल करून बंद केलेली वेगळी करा, आणि ती सर्वाधिक डेटाबेसच्या ज्या टेबलाभोवती आहेत त्या टेबलाच्या वापरकर्त्याशेजारी खुर्ची मागून घ्या.